आत्याचे नाव काय?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी गुगलच्या पहिल्या पानावर एका मराठी बाईंचे चित्र झळकले होते. चष्मा लावलेल्या, जवळ सूक्ष्मदर्शक. त्या दिवशी मला तिघांनी फोन करून विचारले, "बाई, या कमल रणदिवे कोण हो?" त्यांतले दोघे विज्ञानाचे शिक्षक होते! मी पडले इतिहास शिकवणारी. पण नाव मला ठाऊक होते, कारण हुजूरपागेच्या नामवंत विद्यार्थिनींबद्दल कधीतरी वाचले होते.

दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी वाचले की स्तनाच्या कर्करोगाचे आनुवंशिक कारण कमलबाईंनी शोधून काढले. हे जरा जास्तच झाले. आपल्याकडे एखादे माणूस पन्नास वर्षे विसरायचे आणि आठवण झाली की एकदम देव्हाऱ्यात बसवायचे, अशी रीत आहे. कमलबाईंनी ते कारण शोधले नाही. त्यांनी प्रश्न नीट मांडला. उत्तर मिळायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागली आणि ते दुसऱ्या देशात मिळाले. पण तो प्रश्न आमच्या महाड-पोलादपूरच्या घराघरांत आजही विचारला जातो आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने विचारला जातो. म्हणून हा लेख.

आधी बाईंविषयी. जन्म १९१७, पुणे. माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि मग पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर काम करून १९४३ साली एम.एस्सी. झाल्या. त्याआधी १९३९ मध्ये लग्न झाले होते. यजमान जे. टी. रणदिवे गणितज्ञ. लग्नानंतर मुंबई, आणि मुंबईत परळचे टाटा हॉस्पिटल.

हे टाटा हॉस्पिटल म्हणजे आमच्या भागात नुसते इस्पितळ नाही, तो आजाराचा पर्यायी शब्दच आहे. कॅन्सर हा शब्द आमच्याकडे मोठ्याने उच्चारत नाहीत. "त्याला टाटाला नेलंय" म्हटले की ऐकणारा समजतो आणि पुढे विचारत नाही. महाड, पोलादपूर, खेड या भागांतले किती तरी पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. त्यांच्या खोल्यांपासून ते हॉस्पिटल पायी जाण्याच्या अंतरावर. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतात रोगनिदानशास्त्राचा पाया घालणाऱ्यांतले अग्रगण्य. कमलबाई त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या.

खानोलकरांचे एक वैशिष्ट्य मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून फार आवडते. रोगी आला की ते त्याचा आजार नोंदवीत, तसाच त्याचा समाजही. मुंबई म्हणजे या दृष्टीने एक मोठी शाळाच! एकाच शहरात शेकडो ज्ञाती, प्रत्येकीचे लग्नव्यवहार आपापल्यातच, खाणे वेगळे, व्यसने वेगळी. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त, पारशी स्त्रियांत स्तनाचा जास्त, असे दिसू लागले. मग प्रश्न आला: हे रक्तात आहे, की राहणीत? पारशी मुली उशिरा लग्न करीत, मुले कमी. ते कारण? की पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्ने, ते कारण? खानोलकरांनी एल. डी. संघवींबरोबर मुंबईतल्या सहा ज्ञातींच्या आनुवंशिक गुणांची मोजणी केली, तीही याच सुमारास.

माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून उंदीर. कमलबाईंचे सुरुवातीचे काम आहे ते चार निरनिराळ्या वंशांच्या उंदरांच्या स्तनग्रंथींवर. भावंडांचाच संकर वीसेक पिढ्या करत गेले की सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे होतात. असे काही वंश होते की त्यांतल्या बहुतेक माद्यांना पुढे स्तनात गाठ होणारच, आणि काही असे की जवळपास कुणालाच नाही. कमलबाई गाठ होण्याच्या आधीची, निरोगी ग्रंथी पाहत होत्या. गाठ दिसण्यापूर्वीच काही वेगळे आहे का? आणि असेल तर ते कुठून आले?

इथे थोडे अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९३३ च्या सुमारास एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. गाठ होणाऱ्या वंशाची मादी आणि न होणाऱ्या वंशाचा नर अशी जोडी लावली तर लेकींना गाठी होत. उलट जोडी लावली, म्हणजे बाप गाठवाल्या वंशाचा आणि आई निरोगी, तर फारशा होत नसत. दोन्हीकडे रक्त अर्धे अर्धेच, मग हा फरक का? १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी उत्तर दिले. त्यांनी गाठवाल्या वंशाची नुकती जन्मलेली पिल्ले उचलून निरोगी मादीच्या कुशीत घातली. दाईच्या दुधावर वाढलेल्या त्या लेकींत गाठींचे प्रमाण एकदम घटले. म्हणजे दोष रक्ताबरोबर दुधातूनही जात होता! पुढे तो एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

विचार करा, मंडळी, आईच्या दुधातून कर्करोग. हे उंदरांत खरे होते आणि माणसांत खरे आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हते. कमलबाईंच्या पिढीपुढे हा प्रश्न होता. त्यांनी रक्त, दूध आणि स्त्रीशरीरातली संप्रेरके (हार्मोन म्हणतात ती) या तिन्हींचा एकत्र विचार केला. गाठीची ओढ वंशातून येत असेल, विषाणू ती पेटवत असेल, संप्रेरके तिला वारा घालत असतील. एकच कारण धरून बसायचे नाही, हा त्यांचा पवित्रा. आज हे साधे वाटते. त्या काळात शास्त्रज्ञांचे या प्रश्नावर तट पडलेले होते.

पीएच.डी.नंतर त्या रॉकफेलर शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवण्याची विद्या तिथे शिकल्या. (याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी, तिला न विचारता, वाढवल्या गेल्या आणि जगभर गेल्या. तो वेगळाच अध्याय आहे, कधीतरी लिहीन.) परत येऊन कमलबाईंनी मुंबईत, १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. परदेशात नोकरी करता आली असती. त्या आल्या, आणि सहकाऱ्यांनाही बाहेर शिकून परत या म्हणत राहिल्या. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालकपदी होत्या. १९८२ साली पद्मभूषण.

आता त्या दुधाच्या प्रश्नाचे काय झाले? १९७१ मध्ये 'नेचर' या नामांकित पत्रिकेत एक निबंध आला. अमेरिकेतले डॅन मूर आणि सहकारी, त्यांत मुंबईच्या सत्यवती सिरसाट, पेमास्टर आणि वैद्य. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही स्त्रियांच्या दुधात उंदरांतल्या विषाणूसारखे कण दिसले होते. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा कर्करोग आहे अशा अमेरिकन स्त्रियांत आणि मुंबईच्या पारशी स्त्रियांत ते जास्त आढळले. खळबळ उडाली. लेकीला अंगावर पाजू नये की काय, इथपर्यंत चर्चा गेली. पण पुढच्या वर्षांत ते माणसांत टिकले नाही. दुधातले कण आणि गाठ यांचा संबंध जुळेना, आणि अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट थोडा कमी होतो हे अनेक देशांच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. विज्ञानात असे होते. चुकीच्या वाटेवर प्रामाणिक माणसे चालून गेली म्हणून ती वाट बंद आहे हे कळते.

गावात मात्र ती भीती अजून आहे, वेगळ्या रूपात. टाटाहून आलेल्या बाईची भांडी वेगळी, तिच्या मांडीवर नात द्यायची नाही. हे मी महाड शहरात, शिकलेल्या घरात पाहिले आहे. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, दुधाने जात नाही.

मग घराण्यात जातो तो कसा? पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यविशारदाने १८६६ सालीच आपल्या पत्नीच्या घराण्याची चार पिढ्यांची हकीकत छापली होती. २४ स्त्रियांपैकी १० स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या. पण एक घराणे म्हणजे योगायोग, असे म्हणून लोक पुढे गेले. विसाव्या शतकात अमेरिकेत नेब्रास्काचे हेन्री लिंच अशी घराणी गोळा करत राहिले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवले की काही घरांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग हातात हात घालून येतो. एका बहिणीला इथे, दुसरीला तिथे. दोन वेगळे आजार वाटतात, मूळ एकच.

ते मूळ शोधायला मेरी-क्लेअर किंग १९७४ मध्ये बसल्या. मुळात गणिताच्या विद्यार्थिनी. पुष्कळ जाणकारांचे मत होते की कर्करोगासारख्या गुंतागुंतीच्या आजाराला एकच जनुक जबाबदार असणे शक्य नाही. सोळा वर्षे गेली. शेवटी २३ घराणी आणि त्यांतले १४६ आजारी. सगळ्यांची एकत्र बेरीज केली तर काही दिसेना. मग ती घराणी आजार झाला तेव्हाच्या सरासरी वयाप्रमाणे ओळीने मांडली, सगळ्यांत तरुण आधी. पहिल्या सात घराण्यांत चित्र लख्ख दिसले: सतराव्या गुणसूत्रावरचा एक ठरावीक तुकडा. वर्ष १९९०. वयाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९४ मध्ये ते जनुक हाती आले, त्याला बीआरसीए-वन म्हणतात. दुसरे, बीआरसीए-टू, १९९५ मध्ये. पहिले शोधणाऱ्या कंपनीने त्यावर पेटंट घेतले आणि तपासणी आपल्याच हातात ठेवली. म्हणजे आपल्या अंगातल्या जनुकावर परक्याचा सातबारा! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी निकाल दिला की निसर्गात आहे तसे जनुक कुणाच्या मालकीचे होऊ शकत नाही. त्याच्या एक महिना आधी अँजेलिना जोली या नटीने आपल्याला हा दोष आहे आणि आपण दोन्ही स्तन काढून घेतले, असे वर्तमानपत्रात लिहिले होते. तिच्यामुळे हा विषय आमच्या स्टाफरूमच्या गप्पांतही पोचला म्हणतात. मी तेव्हा निवृत्त झाले होते.

ही जनुके आजार निर्माण करणारी नाहीत, हे कळायला मला वेळ लागला. ती दुरुस्ती करणारी आहेत. पेशीत रोज मोडतोड होते, ती सांधण्याचे काम त्यांचे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतःच खराब असली तरी दुसरीवर काम भागते. ती दुसरीही कधी एखाद्या पेशीत बिघडली की तिथे दुरुस्ती करणारे कुणीच उरत नाही. अशा स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास जाते. अंडाशयाचा धोका पहिल्या जनुकात शंभरात चाळीसच्या वर, दुसऱ्यात सतराच्या आसपास. आणि घाबरून जाऊ नये म्हणून सांगते, स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे आनुवंशिक कारण पाच ते दहा जणींतच असते. अंडाशयाच्या बाबतीत प्रमाण त्याहून जास्त आहे.

युरोपातून आलेल्या, अश्केनाझी म्हणतात त्या ज्यूंमध्ये चाळिसात एकाला असा बदल असतो. हे वाचल्यावर रायगड जिल्ह्यातल्या माणसाला आपले शनवार तेली आठवणारच, बेने इस्रायल. अलिबाग, रेवदंडा, म्हसळा, इथे त्यांची सिनेगॉग आहेत. पण तो आकडा त्यांना लावू नये. २०१६ च्या एका अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश सापडले. ती शाखाच निराळी.

आता मूळ मुद्दा. खराब प्रत आईकडून येते तशीच वडिलांकडूनही येते. मुलीला अर्धी शक्यता, मुलालाही अर्धी. पुरुषाला बहुधा काही होत नाही (होऊ शकते, पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, प्रोस्टेटचाही धोका वाढतो), तो ठणठणीत राहतो आणि लेकीला देऊन जातो. म्हणून आत्या आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, या मावशीइतक्याच महत्त्वाच्या. आमच्याकडे मात्र "आईला होतं का? मावशीला?" एवढेच विचारतात. उंदराच्या दुधाची गोष्ट कुणाच्या गावीही नसेल, पण बाईचा आजार बाईकडूनच येतो ही समजूत पक्की.

आणि आत्याला शोधायचे कुठे? आमच्याकडच्या वंशावळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. जमिनीच्या दाव्यासाठी केलेल्या, कुलवृत्तांतात छापलेल्या, कुळाचार लिहिलेल्या वहीतल्या. मुलगे, नातू, पणतू, दत्तक गेलेले, परागंदा झालेले, सगळे आहेत. मुली? "कन्या ३". संपले. पोलादपूर तालुक्यातले उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. रायबाच्या लग्नाची गोष्ट प्रत्येक मुलाला पाठ. भाऊ सूर्याजी माहीत, शेलारमामा माहीत. "आता रायबाच्या आईचे नाव सांगा" असे मी वर्गात विचारत असे. एकदम शांतता.

त्यात लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, तबकात तांदूळ पसरून नावही बदलतात. माहेरच्या कागदांत एक बाई, सासरच्या कागदांत दुसरी. दोन्ही एकच हे सांगणारे माणूस गेले की दुवा तुटला.

माझी एक विद्यार्थिनी आहे. पोलादपूर तालुक्यातली, लग्न होऊन ठाणे जिल्ह्यात गेलेली. अडतिसाव्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली. उपचार झाले. इतक्या कमी वयात झाले म्हणून तिला आनुवंशिक सल्ल्यासाठी पाठवले. असा दवाखाना टाटा हॉस्पिटलचा आहे, डॉ. राजीव सरीन यांनी हे काम तिथे कित्येक वर्षे केले. १९६६ मध्ये हॉस्पिटल आणि कमलबाईंचे संशोधन केंद्र एका छत्राखाली आले आणि संशोधनाची शाखा पुढे, २००२ मध्ये, खारघरला गेली. तिथे दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या विचारतात. कुणाला काय झाले, कितव्या वर्षी झाले, कितव्या वर्षी वारले.

आईकडची माहिती तिने पटापट सांगितली. आजी नव्वदीची, हिंडतीफिरती. वडिलांकडे कोरा कागद. वडील वारलेले, काकांना काही आठवेना. आधी एका ठिकाणी तर तिला सांगितले गेले होते की वडिलांकडची बाजू यात धरत नाहीत! तिने मला फोन केला. "बाई, तुम्हाला आमच्या वाडीवरची माणसं माहीत आहेत. माझी एक आत्या होती म्हणतात. तिचं नावसुद्धा कुणी सांगत नाही हो."

आत्याची धाकटी जाऊ हयात होती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत, वय नव्वदीच्या घरात. आम्ही दोघी गेलो. म्हातारीला ऐकू कमी येत होते, पण स्मरण ठीक होते. म्हणाली, "तिच्या पोटात पानी झालं. प्वाट हे एवढं, आन् हातपाय काड्या. भगत आनला, करनी म्हनला." जलोदर, असे गावात म्हणत. जलोदराची कारणे अनेक, यकृताचे, क्षयाचे. पण तरुण बाईचे पोट पाण्याने भरते त्याचे एक कारण अंडाशयाचा कर्करोग हेही आहे.

किती वर्षांची होती? हे म्हातारीला कसे माहीत असणार! तिलाच तिचे वय माहीत नाही. इथे मात्र माझा विषय कामी आला. मी विचारले, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती होती? होती. "धाकला रांगत व्हता, त्याला उचलून अंगनात पळाली." म्हणजे डिसेंबर १९६७. मग गेली कधी? "त्याच्या म्होरच्या नाय, त्याच्या म्होरच्या उन्हाळ्यात." १९६९. लग्न कधी झाले होते? गांधी गेले त्या साली. लग्नात किती मोठी होती? "न्हाती झाली नव्हती." तेरा धरू. १९४८ ला तेरा, १९६९ ला चौतीस. मी कागदावर लिहिले आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग म्हातारीने न विचारता सांगितले की तिची आईपण तशीच, थानाला जखम होऊन गेली, पदर लावायची नाही. तिची आई म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांची आई.

दवाखान्यात वंशावळीत पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतात. आजार झालेला असेल तर ते आतून काळे करतात, वारलेल्यावर तिरकी रेघ. वडिलांचा चौकोन पांढरा होता. वर आजीचे वर्तुळ काळे, बाजूला आत्याच्या वर्तुळापुढे प्रश्नचिन्ह आणि वय ३४. अशी वंशावळ त्या घरात पहिल्यांदाच निघाली असेल. रक्त तपासले आणि दोष सापडला, पहिल्या जनुकात.

आता यावर उपाय आहेत. दरवर्षी एमआरआय. मुलेबाळे झाल्यावर पस्तीस-चाळिशीत अंडाशय आणि नळ्या काढून घेतल्या तर तो धोका फार कमी होतो. अंडाशयाचा कर्करोग लवकर ओळखण्याची भरवशाची तपासणी अजून नाही, म्हणून ही शस्त्रक्रिया. २०१४ पासून याच जनुकीय दोषाला धरून काम करणारी ओलापरिब नावाची औषधगोळीही आली. विद्यार्थिनीने शस्त्रक्रिया करून घेतली. ज्यांच्या घराण्यात काहीच नाही त्यांनीही एक लक्षात घ्यावे. टाटा हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तरी पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, फक्त शिकवलेले हात. कमलबाईंनी उतारवयात अकोले तालुक्याच्या आदिवासी गावांत आरोग्याचे काम केले, १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभी केली, ती २००१ मध्ये वारल्या तोवर सोडली नाही. हा अभ्यास त्यांना नक्की आवडला असता.

विद्यार्थिनीचा भाऊ महाडला असतो. त्याला मी समजावले की तुझीही तपासणी हवी, तुझ्या लेकीसाठी. "गणपती झाले की जातो, बाई." गणपती होऊन दिवाळीही झाली. परवा गेला एकदाचा. अहवाल यायचा आहे.

राहिल्या आत्याच्या मुली. भूकंपात रांगत होता तो मुलगा सापडला, साठीला आला आहे, सुरतेला असतो, त्याच्याशी बोलणे झाले. त्याला दोन मोठ्या बहिणी होत्या. आई गेल्यावर मामाकडचे येणे-जाणे तुटले. थोरली मंडणगडच्या बाजूला दिलेली, तिचा पत्ता लागला. ती काही वर्षांपूर्वी वारली, तिच्या दोन लेकी आहेत, त्यांना फोन नंबर दिला. मधलीचे लग्न मुंबईत झाले होते, पुढे त्यांनी खोली विकली. भावाला तिचे माहेरचे नाव माहीत आहे. सासरी काय ठेवले होते, ते त्याला आठवत नाही. जाऊबाईंना विचारायला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा वाडीवर जाणार आहे.